सूर्याचे आवर्तन आणि नोंदवह्यांचे मोल

मे २०२४ मधील दहा आणि अकरा तारखांच्या दरम्यानच्या रात्री लडाखमधील हानले येथील वेधशाळेवरचे आकाश लाल झाले. ध्रुवप्रदेशात दिसणारा हा प्रकाश इतक्या दक्षिणेस क्वचितच दिसतो. २००३ च्या ऑक्टोबरनंतर एवढ्या तीव्र श्रेणीचे चुंबकीय वादळ पृथ्वीने अनुभवले नव्हते. वृत्तपत्रांनी छायाचित्रे छापली, दोन दिवस कौतुक झाले आणि विषय मागे पडला. वस्तुतः ती रात्र हा एका दीर्घ घटनाक्रमातील केवळ एक क्षण होता. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या अंतराने वाढते आणि ओसरते. मोजणीच्या परिपाठानुसार पंचविसावे ठरणारे आवर्तन डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले होते आणि त्या रात्री ते आपल्या माथ्याच्या जवळ पोहोचले होते.

या आवर्तनाने तज्ज्ञांना चकविले, हेही येथे नमूद केले पाहिजे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसमितीने वर्तविले होते की, डागांचा सरासरी अंक २०२५ च्या जुलैच्या सुमारास ११५ पर्यंत चढेल, म्हणजे आधीच्या दुबळ्या आवर्तनाचीच पुनरावृत्ती होईल. प्रत्यक्षात २०२४ च्या ऑक्टोबरात तो १६० च्या आसपास गेला. जे आवर्तन पावणेतीनशे वर्षे मोजले जात आहे, त्याची उंची आधी सांगणे अद्याप इतके अवघड का असावे, हा प्रश्न केवळ खगोलशास्त्रज्ञांचा नाही. उपग्रह, विमानांचे दळणवळण आणि विजेची जाळी यांवर ज्यांचा संसार चालतो त्या सर्वांचा तो आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास आपण दुर्बिणींपेक्षाही जुन्या नोंदवह्यांपाशी येऊन थांबतो. आणि त्या वह्यांपैकी एक अत्यंत मोलाची वही मुंबईच्या कुलाब्याची आहे.

आरंभ मात्र जर्मनीतील डेसाऊ गावच्या एका औषधविक्रेत्यापासून केला पाहिजे. हाइन्रिख श्वाबे याचा हेतू वेगळाच होता. बुधाच्या कक्षेच्या आत एखादा अज्ञात ग्रह असल्यास तो सूर्यबिंबावरून सरकताना काळ्या ठिपक्यासारखा दिसेल, या आशेने त्याने १८२६ पासून सूर्य दिसेल त्या प्रत्येक दिवशी सूर्यबिंबाची पाहणी सुरू केली. डागांना ग्रह समजण्याची चूक होऊ नये म्हणून तो डागही लिहून ठेवी. ग्रह सापडला नाही. परंतु सतरा-अठरा वर्षांनंतर त्या याद्या चाळताना त्याला दिसले की, डागांना सुमारे दहा वर्षांची लय आहे. पुढे स्वित्झर्लंडमधील रुडॉल्फ वुल्फ याने जुन्या निरीक्षकांच्या टिपणांतून मागोवा घेत ही मालिका मागे नेली. १७५५ मध्ये सुरू झालेल्या आवर्तनाला त्याने पहिला क्रमांक दिला, आणि आपण आज पंचविसावे म्हणतो ते या गणनेनुसार. अकरा वर्षे हा आकडाही सरासरीचा आहे. काही आवर्तने नऊ वर्षांत आटोपली, तर एक-दोन तेराच्या पुढे रेंगाळली. १९५८ मध्ये माथ्यावर आलेल्या एकोणिसाव्या आवर्तनाएवढे जोरदार आवर्तन या मालिकेत दुसरे नाही.

डाग म्हणजे काय, हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. १९०८ मध्ये अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज एलरी हेल याने डागांतून येणाऱ्या प्रकाशाच्या वर्णरेषा दुभंगलेल्या पाहिल्या. तीव्र चुंबकीय क्षेत्रात वर्णरेषा अशा फुटतात हे प्रयोगशाळेत आधीच सिद्ध झाले होते. म्हणजे सूर्यावरील डाग हे प्रचंड चुंबकीय प्रदेश आहेत. मोठ्या डागातील क्षेत्राचे बल तीन हजार गाउसपर्यंत जाते, म्हणजे आपल्या पायाखालील पृथ्वीच्या क्षेत्राच्या कित्येक हजार पट. इतक्या बलवान क्षेत्रामुळे आतून वर येणाऱ्या तप्त वायूचे अभिसरण अडते. त्यामुळे त्या जागी पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विनऐवजी ४,००० च्या आसपास राहते आणि सभोवतालच्या लखलखाटात ती जागा काळी दिसते. एरव्ही तो काळा डागही भट्टीतील लोखंडापेक्षा तेजस्वी असतो.

हेलने पुढे आणखी एक नियम दाखवून दिला आणि या विषयाचे खरे मर्म त्यातच आहे. डाग बहुधा जोडीने येतात, एक उत्तर ध्रुवाच्या जातीचा आणि दुसरा दक्षिण ध्रुवाच्या. सूर्याच्या उत्तर गोलार्धात पुढे चालणारा डाग ज्या जातीचा, त्याच्या विरुद्ध जातीचा डाग दक्षिण गोलार्धात पुढे असतो. आणि पुढचे आवर्तन सुरू झाले की हा क्रम दोन्ही गोलार्धांत उलटतो. याचा अर्थ असा की, अकरा वर्षांचे आवर्तन हे अर्धेच आवर्तन आहे. सूर्याचे चुंबकत्व मूळ स्थितीला परत येण्यास सुमारे बावीस वर्षे लागतात.

हे घडते कसे? सूर्य घन गोळा नाही. विषुववृत्ताजवळ तो सुमारे पंचवीस दिवसांत फिरतो, ध्रुवांकडे त्याला त्याहून आठ-दहा दिवस अधिक लागतात. विद्युत्भारित वायूमध्ये चुंबकीय रेषा जणू रुतून बसलेल्या असतात आणि वायू जाईल तिकडे त्या ओढल्या जातात. ध्रुवापासून ध्रुवाकडे जाणारी उभी रेषा मध्यभागी पुढे खेचली जाते, फेऱ्यामागून फेरा पडत जातो आणि चातीवर सूत गुंडाळावे तशी ती सूर्याभोवती आडवी गुंडाळली जाते. गुंडाळी घट्ट होत गेली की क्षेत्राचे बल वाढते. मग त्यातील काही भाग हलका होऊन कमानीसारखा पृष्ठभाग फोडून वर येतो. कमानीचे दोन पाय म्हणजेच डागांची जोडी. आवर्तनाच्या आरंभी या जोड्या तीस-पस्तीस अंश अक्षांशांवर उगवतात आणि पुढील वर्षांत विषुववृत्ताकडे सरकत येतात. एडवर्ड मॉन्डर आणि ॲनी मॉन्डर या दांपत्याने डागांचे अक्षांश कालानुक्रमे कागदावर मांडले, तेव्हा पंख पसरलेल्या फुलपाखरांची रांग उमटली, ती यामुळेच.

जोडीतील पुढचा डाग विषुववृत्ताच्या किंचित जवळ असतो आणि मागचा किंचित दूर. हा कल क्षुल्लक वाटतो, परंतु साऱ्या आवर्तनाची किल्ली त्याच्यात आहे. डाग विरघळू लागले की मागच्या डागांचे चुंबकत्व पृष्ठभागावरील संथ प्रवाहाबरोबर ध्रुवाकडे वाहत जाते. या प्रवाहाचा वेग सेकंदाला दहा ते वीस मीटर, म्हणजे आपल्या आगगाडीइतका. तेथे ते जुन्या ध्रुवीय क्षेत्राला प्रथम पुसून टाकते आणि मग त्याच्या जागी विरुद्ध जातीचे क्षेत्र उभे करते. त्यामुळे आवर्तनाच्या माथ्याच्या सुमारास सूर्याचे उत्तर-दक्षिण ध्रुव चक्क अदलाबदल करतात. बॅबकॉक पितापुत्रांनी १९५० च्या दशकात ही उलथापालथ प्रथमच मोजून दाखविली. नवे ध्रुवीय क्षेत्र पुन्हा गुंडाळले जाऊ लागते आणि पुढच्या आवर्तनाची पेरणी होते.

या बदलाची एक साक्ष ग्रहणाच्या वेळी नुसत्या छायाचित्रातही मिळते. १६ फेब्रुवारी १९८० च्या खग्रास ग्रहणाची पट्टी कारवारपासून हैदराबादच्या दिशेने गेली होती. त्या वेळी आवर्तन माथ्यावर होते आणि सूर्याचे प्रभामंडळ सर्व बाजूंनी फुललेले दिसले. २४ ऑक्टोबर १९९५ चे उत्तर भारतातील ग्रहण आवर्तनाच्या तळाशी झाले, तेव्हा तेच प्रभामंडळ विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना लांब पंखांसारखे ताणलेले होते. पहिल्या ग्रहणात खिडक्या-दारे लावून घरात बसलेल्यांची संख्या मोठी होती. दुसऱ्या वेळी ती बरीच घटली, हे समाधानकारक आहे.

आता कुलाब्याकडे वळू. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये, म्हणजे श्वाबेने आपली वही उघडली त्याच वर्षी, कुलाब्याला वेधशाळा स्थापन केली. पुढे १८४० च्या दशकात तेथे चुंबकीय सूचींची नियमित निरीक्षणे सुरू झाली. युरोपात हुम्बोल्ट आणि गाउस यांनी पृथ्वीचे चुंबकत्व जगभर एकाच वेळी मोजण्याचा जो आग्रह धरला होता, त्याचाच हा पूर्वेकडील धागा. १८५२ मध्ये एडवर्ड सॅबाइन याने दाखवून दिले की, पृथ्वीवरील चुंबकीय सूचींची अस्वस्थता सौरडागांबरोबर वाढते आणि कमी होते. सूर्य आणि पृथ्वी यांच्यात प्रकाश व गुरुत्वाकर्षण यांव्यतिरिक्तही काही संबंध आहे, याचा तो पहिला भक्कम पुरावा ठरला.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने डागांच्या एका समूहावर अचानक पांढरा झगझगाट पाहिला. एक दिवसही पुरता उलटला नाही तोच पृथ्वीवर अभूतपूर्व चुंबकीय वादळ कोसळले. तारायंत्रे बंद पडली, काही ठिकाणी बॅटरी काढून टाकल्यावरही तारांतून संदेश जात राहिले, आणि उष्ण कटिबंधाच्या जवळही ध्रुवीय प्रकाश दिसला. युरोपातील वेधशाळांत छायाचित्रणाच्या कागदावर सूचींची हालचाल उमटत असे, परंतु वादळ इतके तीव्र होते की खूण कागदाबाहेर निघून गेली. कुलाब्याला ही स्वयंचलित सोय नव्हती. निरीक्षक डोळ्याने आकडे वाचीत आणि हाताने लिहीत, आणि वादळ सुरू झाल्यावर ते नेहमीपेक्षा भरभर वाचू लागले. त्यांच्या वहीनुसार पृथ्वीच्या क्षेत्राचे आडवे बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे शेकडा चारांहून अधिक घसरले. कमी अक्षांशावरील त्या वादळाची ही सर्वांत महत्त्वाची नोंद ठरली. तिचे खरे मोल जगाला २००३ मध्ये कळले. ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरुबक्षसिंग लखीना प्रभृतींनी ती वही पुन्हा वाचून त्या वादळाची तीव्रता ठरविली, तेव्हा मधे १४४ वर्षे गेली होती. आज ‘सर्वांत वाईट काय घडू शकेल’ याचा विचार करणारे वीजतज्ज्ञ जो आकडा समोर ठेवतात, तो मुंबईत लिहिला गेलेला आहे. ज्यांनी तो लिहिला त्यांना तो कशासाठी उपयोगी पडेल याची कल्पना असणे शक्यच नव्हते.

या वेधशाळेची पुढची कथाही सांगण्याजोगी आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे सूची बिघडणार हे उघड झाले. शहराने ट्राम सोडावी असे कोणी म्हणाले नाही आणि वेधशाळा बंद करावी असेही नाही. अलिबागला लोखंडाचा स्पर्श टाळून, चुंबकत्व नसलेला दगड पारखून नवी इमारत उभारली गेली आणि १९०४ मध्ये काम सुरू झाले. परंतु कुलाब्याचे काम लगेच थांबविण्यात आले नाही. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेण्यात आली, म्हणजे जुनी मालिका नव्या मालिकेशी बिनचूक जोडता यावी. नंतर या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची निरीक्षणे संकलित करून १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. सरकारी कचेऱ्यांची स्थलांतरे आपण पाहत असतो. स्थलांतरात कोणत्या फायली गहाळ होतात हेही आपल्याला ठाऊक असते. त्या पार्श्वभूमीवर हे दोन वर्षांचे दुहेरी काम उठून दिसते.

लांब मालिका हाती नसताना माणूस काय करतो, याचेही उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १८७६-७७ च्या दुष्काळाने दख्खन आणि मद्रास इलाखा उजाड होत असताना हिंदुस्थान सरकारचे सांख्यिकीप्रमुख विल्यम हंटर यांनी मद्रासच्या सहा-साडेसहा दशकांच्या पावसाचे आकडे सौरडागांच्या शेजारी मांडले. डाग कमी तेव्हा पाऊस कमी, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८७७ मध्ये ज्योतिर्विद नॉर्मन लॉकियर यांच्याबरोबर त्यांनी याच विषयावर लेखही लिहिला. (हेच लॉकियर पुढे १८९८ च्या ग्रहणासाठी विजयदुर्गास आले होते.) हंटर यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण सहा आवर्तने म्हणजे सहाच उदाहरणे. एवढ्यावर दुष्काळाचे वेळापत्रक रचता येत नाही. पुढचे अनुभव त्यांना अनुकूल ठरले नाहीत. १९१८ चा भीषण अवर्षणाचा हंगाम आवर्तनाच्या माथ्याजवळ आला आणि महाराष्ट्राच्या स्मरणातील १९७२ चा दुष्काळ उताराच्या मधोमध. शिवाय पाऊस का पडला नाही हा एक प्रश्न असतो आणि माणसे का मेली हा निराळा. पुणे सार्वजनिक सभेने त्याच काळात गावोगावच्या हकिकती गोळा करून सारा, मजुरी आणि धान्य यांविषयी सरकारला जाब विचारला होता. दुष्काळ चालू असतानाही धान्य परदेशी जात होते. सूर्याने उत्तर द्यावे असा तो प्रश्नच नव्हता. गंमत अशी की, पावसाचे कोडे सौरडागांतून सुटेल या आशेनेही भारतात सूर्यनिरीक्षणाला पाठबळ मिळाले. आशा फोल ठरली, तरी कोडाईकनालची वेधशाळा उभी राहिली. जॉन एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये डागांतून बाहेर वाहणाऱ्या वायूच्या गतीचा शोध तेथेच लावला आणि शंभरांहून अधिक वर्षांच्या सूर्यचित्रांचा संग्रह आज तेथेच आहे.

हंटर यांचे वारस आजही आहेत. पृथ्वी तापते आहे ती सूर्यामुळे, किंवा सूर्य लवकरच झोपी जाईल आणि हिमयुग येईल, असे अधूनमधून छातीठोकपणे सांगितले जाते. १६४५ ते १७१५ या सत्तर वर्षांत डाग जवळजवळ नाहीसे झाले होते आणि तो काळ युरोपात थंड होता, हे खरे. पण ती थंडी डाग नाहीसे होण्याच्या आधीपासूनच सुरू झाली होती. उपग्रहांनी १९७८ पासून मोजलेली सूर्याची एकूण उष्णता माथा आणि तळ यांच्या दरम्यान सुमारे एक सहस्रांशाने बदलते. तीही माथ्यावर अधिक असते, कारण डागांच्या भोवतालचे तेजस्वी पट्टे डागांची तूट भरून काढून वर उरतात. गेल्या चार दशकांत ती वाढत गेलेली नाही. पृथ्वीचे तापमान मात्र वाढत गेले आहे.

मग भाकिताचे काय? येथे दोन भारतीय नावे विरुद्ध बाजूंना भेटतात. चोविसावे आवर्तन आधीच्यापेक्षा तीस ते पन्नास टक्के जोरदार असेल, असे अमेरिकेत काम करणाऱ्या मौसुमी दिक्पती यांच्या गटाने २००६ मध्ये सांगितले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अर्णव राय चौधुरी आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सांगितले की, ते सुमारे एक तृतीयांशाने दुबळे असेल. २०१४ मध्ये माथा आला तो दुबळाच. मतभेद सूर्याच्या पोटातील प्रवाह चुंबकत्वाला किती काळ वाहून नेतात याविषयी होता, आणि निकाल सूर्याने दिला. आज बहुतेक जण मानतात की, आवर्तनाच्या तळाशी असताना ध्रुवांवरील क्षेत्र मोजावे, त्यावरून पुढच्या माथ्याची उंची बरीचशी कळते. पण ध्रुवीय क्षेत्राची थेट मोजणी १९७० च्या दशकापासूनच सलग उपलब्ध आहे, म्हणजे चार-पाच आवर्तनांचीच. हंटर यांच्याजवळ सहा होती!

चुकीच्या अंदाजाची किंमत प्रसंगी आकाशातून कोसळते. सूर्य उत्तेजित झाला की पृथ्वीचे वरचे वातावरण तापून फुगते आणि उपग्रहांना घर्षण होते. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब कोसळणार म्हणून आपल्याकडे गावोगावी जो घबराट पसरली, तिचे मूळ हेच होते. एकविसावे आवर्तन अपेक्षेहून जोरदार निघाले आणि त्या अवकाशयानाला वर ढकलण्याची योजना अमलात येण्याआधीच ते खाली आले. १९८९ च्या मार्चमधील वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पाडला. २०२२ च्या फेब्रुवारीत तर एक मध्यम स्वरूपाचे वादळ नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ गिळून गेले.

भारताने २०२३ च्या सप्टेंबरात आदित्य हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी धाडले आणि जानेवारी २०२४ मध्ये ते आपल्या नियोजित स्थानी पोहोचले. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेत तयार झाली, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु यानाचे आयुष्य काही वर्षांचे असते आणि आवर्तन बावीस वर्षांचे. यानाच्या उड्डाणासाठी पैसा आणि टाळ्या मिळतात. रोज सकाळी तीच मोजणी करणाऱ्या वेधशाळेसाठी त्या मिळत नाहीत. हा अनुभव केवळ आपला नाही. वुल्फची मालिका जिथे जपली गेली, त्या झुरिकच्या संस्थेनेच १९८० मध्ये ते काम थांबविले. ब्रुसेल्सच्या वेधशाळेने ते उचलून घेतले म्हणून मालिका तुटली नाही. स्वित्झर्लंडमधील लोकार्नो येथे आजही सूर्याची प्रतिमा कागदावर पाडून पेन्सिलीने डाग काढले जातात, कारण पद्धत बदलली तर जुन्याशी तुलना उरत नाही.

अलिबाग आणि कोडाईकनाल यांच्या अर्थसंकल्पातील तरतुदी या दृष्टीने पाहिल्या जाव्यात, अशी आमची सूचना आहे. तेथील जुन्या वह्या आणि काचपट्ट्या संगणकावर उतरविण्याचे काम ज्या प्रमाणात झाले आहे ते स्तुत्य आहे. पण मूळ कागद जपण्याची व्यवस्थाही त्याबरोबर चालू राहिली पाहिजे. २००३ चे संशोधन मूळ वही शाबूत होती म्हणूनच होऊ शकले. जे विज्ञानशिक्षक आपल्या शाळेत लहान दुर्बीण बाळगून आहेत, त्यांना तर उद्यापासून आरंभ करता येईल. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. पांढऱ्या पुठ्ठ्यावर त्याची प्रतिमा पाडावी, डाग मोजावेत आणि तारखेसह लिहावेत. आवर्तन आता उताराला लागले आहे. या दशकाच्या अखेरीस किंवा पुढच्याच्या आरंभी ते तळाला जाईल आणि पुठ्ठ्यावर ओळीने कित्येक दिवस एकही डाग दिसणार नाही. त्या दिवशी वहीत शून्य लिहावे. नेमक्या त्याच काळात ध्रुवांवरील क्षेत्राची मोजणी होईल आणि सव्विसाव्या आवर्तनाचे भाकीत तिच्यावरून केले जाईल.